गौराचा गौरव करू नकोस

पत्र:

ताई, मी २३ वर्षांची आहे. कोल्हापुरात पेठेत राहते. दिवसा एका सीएंच्या ऑफिसात एंट्र्या मारते, रात्री कादंबरी लिहिते. पंधरा-सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी, अद्भुत. पन्हाळ्यासारखा एक गड आहे, त्यात तीन मजली विहीर. तिची राखण केतकीच्या घराण्याकडे आहे. केतकी विहिरीत वाकून हाक मारते आणि गेलेल्या माणसांचे आवाज वर येतात. दुसरी गौरा. ती चोरून तालमीत कुस्ती शिकते, आणि तिच्या पकडीत सापडलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात.

एका प्रकाशकांना वाचायला दिली. त्यांना भाषा आवडली, गड आवडला. म्हणाले, गौराचा गौरव करा, म्हणजे तिला मुलगा करा, दिवाळीनंतर छापतो. नाहीतर लायब्रऱ्या घेणार नाहीत आणि कायद्याचं लफडं होईल ते वेगळंच. माझी एक मैत्रीण म्हणते, गौराला शेवटी मारून टाक, म्हणजे तरी लोक सहन करतील. माझा विचार होता की प्रस्तावनेत पुराणातले दाखले द्यावेत, म्हणजे तोंडं बंद होतील. टोपणनावही घेईन म्हणते. आई रोज विचारते, "झालं का गं तुझं किल्ल्याचं पुस्तक?" तिला एवढंच माहीत आहे.

आणि ताई, गौरा-केतकीचं जे आहे ते माझंही आहे. हे अजून कुणाशी बोललेले नाही. काय करू?

– नाव छापू नका, कोल्हापूर

उत्तर:

गौराला गौराच राहू दे.

हे मी तत्त्वासाठी म्हणत नाही. तू सोबत जोडलेली तीन प्रकरणं वाचून म्हणते आहे. प्रकाशकांना वाटतंय की नाव आणि क्रियापदं बदलली की काम झालं. (क्रियापदंसुद्धा फारशी बदलावी लागणार नाहीत म्हणा. आपल्याकडच्या पोरी तशाही "मी येतो, मी जातो"च म्हणतात. तुझ्या संवादांत ते आलंय, ते कुणाच्याही शुद्धलेखनापायी काढू नकोस.) पण तू गौराला जी शक्ती दिली आहेस ती तिच्या हातात आहे. तिसऱ्या प्रकरणात केतकी आपणहून मनगट पुढे करते आणि म्हणते, "धर. आता विचार." तिथे मी वाचता वाचता थांबले. आता त्याच जागी गौरव आण. एका पैलवान पोराच्या मुठीत मुलीचं मनगट आणि तिच्या तोंडून खरं बाहेर पडतंय. शब्द तेच राहतील, पण प्रसंग प्रेमाचा राहणार नाही, चौकशीचा होईल.

दुसरं, तालीम. गौरवला तालमीत शिरायला चोरी कशाला लागेल? तो सरळ दारातून आत जाईल, वस्तादांच्या पाया पडेल, जोर-बैठका मारेल आणि दूध पिऊन घरी येईल. हौद्याच्या तांबड्या मातीला आपला पाय लागलेला कुणाला कळू नये म्हणून पहाटे ती माती पुन्हा सारखी करून जाणारी पोरगी, हा तुझ्या गोष्टीचा अर्धा जीव आहे. तो काढून घेतलास तर गड उरेल, विहीर उरेल, आणि आत एक पर्यटनाची पुस्तिका.

तुझ्या नेमक्या उलट वाटेनं गेलेली एक लेखिका सांगते. मलिंदा लो, चिनी वंशाची अमेरिकन. तिची पहिली कादंबरी 'ॲश' २००९ साली आली. सिंड्रेलाची गोष्ट तिनं किशोरवयीन वाचकांसाठी नव्यानं लिहिली. पहिल्या खर्ड्यात तिची नायिका रीतसर राजपुत्राच्याच प्रेमात पडत होती. खर्डा वाचून एका मैत्रिणीनं सांगितलं की राजपुत्र काही रंगत नाही, नायिकेचं सूत त्या दुसऱ्या बाईशी जास्त जुळतंय. लो विचारात पडली, आणि मग तिनं गोष्टच त्या दिशेला वळवली. छापील कादंबरीत सिंड्रेला राजाच्या शिकारी पथकाच्या प्रमुख बाईवर प्रेम करते. याच लेखिकेला २०२१ मध्ये किशोर साहित्यासाठीचा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, दोन मुलींच्याच प्रेमकथेसाठी, पण ती अद्भुत नव्हती. मुद्दा पुरस्काराचा नाही. लिहिताना कागदावर जे आपोआप जिवंत होतं त्याच्या मागे ती गेली. तुझ्या कागदावर ते आधीच जिवंत आहे, आणि तुला ते विझवायला सांगितलं जातंय.

'ॲश'मधली आणखी एक गोष्ट तुझ्या उपयोगाची. त्या राज्यात बाईनं बाईवर प्रेम केलं तर कुणाची भुवईही वर जात नाही. नायिकेपुढची संकटं वेगळी आहेत: सावत्र आई, गुलामी, आणि एका परीलोकातल्या पुरुषाशी केलेला सौदा. याच्या दुसऱ्या टोकाला एडन थॉमस यांची 'सेमेटरी बॉइज' आहे, २०२० ची. त्यात नायक ट्रान्स मुलगा आहे (जन्मल्यावर मुलगी ठरवला गेलेला, पण स्वतः मुलगाच असलेला), आणि घराण्याचा जादूचा विधी घरातले त्याला मुलगा म्हणून करू देत नाहीत, म्हणून तो स्वतःच करतो. तिथे झगडा घराशीच आहे, आणि जादूच त्याची साक्ष देते. दोन्ही रीती चालतात. तू मात्र दोन्हींच्या मध्ये अडकली आहेस. पहिल्या प्रकरणात गडावर दोन म्हाताऱ्या एका घरात संसार करतात आणि पाणवठ्यावर कुणाला त्याचं काही वाटत नाही. (त्या दोघी मला फार आवडल्या. त्यांना आणखी पानं दे.) तिसऱ्या प्रकरणात मात्र त्याच पाणवठ्यावर गौरा-केतकीवरून कुजबुज सुरू होते. मग त्या म्हाताऱ्यांचं काय? एक काहीतरी ठरव.

मला विचारशील तर कुजबुज काढ. गडावर गौराचा गुन्हा तालमीत शिरण्याचा असू दे, केतकीचा गुन्हा विहिरीकडे पाठ फिरवण्याचा असू दे. एकमेकींवर जीव जडणं ही त्या दोघींच्या आयुष्यातली एकमेव बिनगुन्ह्याची जागा ठेव. सोळा वर्षांच्या ज्या मुलीच्या हातात हे पुस्तक पडेल तिला बाहेरची कुजबुज पाठ आहे. ती तिला गडावर पुन्हा कशाला ऐकवायची?

आता तुझी प्रस्तावना. ती लिहूच नकोस. गोष्ट सांगणारीनं दारातच वकिलाला उभं केलं की वाचक आत येण्याआधी बचाव ऐकत बसतो. शिवाय दाखले जपून निवडावेत. आपल्याकडे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'त (१७१८) सातव्या अध्यायात सुमेध आणि सोमवंत यांची कथा आहे. बहुतेकांना अकरावा अध्याय तेवढा पाठ असतो, सातव्याकडे फारसं कुणी बघत नाही. हे दोघे ब्राह्मणपुत्र, जिवलग मित्र. लग्नासाठी पैसे नाहीत. राजा त्यांना सुचवतो की राणी सीमंतिनी सोमवारी दांपत्यांची पूजा करून दान देते, तर एकानं बाईचा वेष घ्या आणि जोडपं बनून जा. सोमवंत साडी नेसतो. सीमंतिनी त्यांची पूजा शिवपार्वती समजून इतक्या भावानं करते की परतीच्या वाटेवर सोमवंत खरोखरच स्त्री होतो आणि सुमेधपाशी प्रेम मागतो.

तुला वाटेल, हाच तर दाखला! पण नीट बघ. या कथेत दोघांतल्या एकाचं लिंग बदलतं आणि मग लग्न लागतं. म्हणजे तुझ्या प्रकाशकांनी जे सुचवलं तेच. प्रस्तावनेत ही कथा घातलीस तर ते तिच्यावर बोट ठेवून म्हणतील, बघा, परंपराही गौरवच करायला सांगते.

पण त्या कथेचा पुढचा भाग चोरण्याजोगा आहे. सोमवंताचा बाप रडत राजाकडे जातो. राजा देवीची आराधना करतो. देवी प्रसन्न होते आणि सांगते की माझ्या भक्तिणीच्या भावानं जे झालं ते मलाही फिरवता येणार नाही. मुलगी सुमेधाला दे, तुला दुसरा मुलगा होईल. बाप राजाकडे, राजा देवीकडे, आणि देवीचं उत्तर 'नाही'. घरातलं दुःख एकेक पायरी वर चढत जातं आणि वरून कुणीही ते मिटवून देत नाही, हे किती खरं आहे! केतकीच्या बापाला असा एक प्रवास दे. सध्या तुझ्या तिन्ही प्रकरणांत तो नुसता हुक्का ओढतो.

आणि दाखल्यांसाठी इतकं लांब जायचं कारणच काय? दर ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते ती कशासाठी, हे तू लहानपणापासून ऐकलं असशील. कोल्हासुराशी झालेल्या लढाईत त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, पराक्रम केला आणि विजयाच्या आनंदात अंबाबाईला तिचाच विसर पडला. त्र्यंबोली रुसली आणि गावाकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तेव्हापासून करवीरची महाराणी दर वर्षी स्वतः सखीची समजूत काढायला जाते, मग कोहळा फुटतो. एवढ्या मोठ्या देवीला चुकल्याची भरपाई म्हणून दर वर्षी टेकडी चढावी लागते, ही कल्पना मला कुठल्याही ड्रॅगनपेक्षा मोठी वाटते. यातला रुसवा घे, पाठ फिरवून बसणं घे, दर वर्षी चढून जाणं घे. देवींची नावं मात्र घेऊ नकोस आणि त्यांचं नातं काय होतं हे ठरवायला जाऊ नकोस. एक तर भाविकांच्या मनाला लागेल, आणि धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली तर तुझं लिहिणं बाजूला राहून वर्ष त्यातच जाईल. दुसरं, तुझ्या गडाला स्वतःची देवी आहेच. तिला एक रुसलेली सखी दिलीस की कोल्हापुरातल्या वाचकाला न सांगता कळेल.

मैत्रिणीनं सुचवलेल्या मरणाबद्दल. नको. मराठीत दोन बायकांच्या प्रेमाचं नाव काढलं की अजूनही तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आठवतं. ते १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं आणि त्या काळात ते धाडस होतं यात वाद नाही. पण त्यातली मित्रा शेवटी जगत नाही. तेंडुलकरांना त्या समाजाचा चेहरा दाखवायचा होता, त्यांनी दाखवला. तुझं काम वेगळं आहे. तुझा वाचक सोळा वर्षांचा आहे, आणि अशा मुलीला आपल्यासारखी म्हातारी झालेली बाई पुस्तकात कुठे भेटलेलीच नसते. शिवाय तुझ्या विहिरीतून मेलेल्यांचे आवाज येतात म्हटल्यावर वाचक पहिल्या पानापासून कोण मरणार याचीच वाट बघणार. त्याला हवं तेच देण्यात मजा नाही. केतकी विहिरीत वाकून गौराला हाक मारते आणि खालून काहीच उत्तर येत नाही, म्हणजे गौरा अजून जिवंत आहे, असा शेवट होऊ शकतो. पण मी तुझी कादंबरी लिहायला लागले. पुढे जाऊ.

कायद्याचं लफडं हा निव्वळ बागुलबुवा. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ च्या कक्षेतून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध बाहेर काढले. प्रेमाची गोष्ट लिहिणं त्याआधीही गुन्हा नव्हता. एकच भान ठेव: तुझ्या नायिका सतरा वर्षांच्या आहेत, वाचकही तेवढेच. कायद्याला अठराच्या आतलं ते मूल, आणि ऑनलाइन मजकुरालाही अश्लीलतेचे नियम लागतात. म्हणून शारीरिक तपशिलात शिरू नकोस. तसंही तिसऱ्या प्रकरणातलं ते मनगट पुरेसं आहे.

प्रकाशकांची खरी भीती लायब्रऱ्यांची आहे, आणि ती खोटी नाही. मराठी कुमारवाङ्मयाचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे शाळा आणि अनुदानावर चालणारी ग्रंथालयं. तिथे एका संस्थाचालकानं नाक मुरडलं तर आवृत्ती गोदामात पडते. प्रकाशकांवर रागावू नकोस, त्यांनी धंद्याचं गणित प्रामाणिकपणे सांगितलं. फक्त ते गणित त्यांचं आहे, गौराचं नाही. मोठ्यांसाठी क्वीअर, म्हणजे समलिंगी प्रेमाची, कादंबरी मराठीत छापली गेली आहे, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. तेव्हा कुमारवाङ्मय या शिक्क्याचा हट्ट सोड आणि कादंबरी म्हणून ललित छापणाऱ्यांकडे पाठव. सोळा वर्षांची पोरं मोठ्यांच्या कपाटातली पुस्तकं नेहमीच वाचत आली आहेत. दरम्यान तिसरं प्रकरण थोडं बांधून स्वतंत्र कथा कर आणि पावसाळ्याच्या सुरुवातीलाच दिवाळी अंकांकडे पाठव, श्रावणात पाठवलेलं उशिराचं ठरतं. प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या संकेतस्थळावर क्रमशः टाकण्याचा मार्गही आहे, वाचक पटकन मिळतात, पण एकदा फुकट वाचायला दिलेलं छापायला काही प्रकाशक कांकू करतात, हे धरून चाल. स्वतः ई-बुक काढलंस तर किंडल मराठी घेतं, आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्या देशात फुकट मिळतो. 'पैसे भरा, छापून देतो' म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. करार झालाच तर किती वर्षांसाठी हे त्यात लिहून घे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. अनुवादाचे आणि ऑडिओचे हक्क स्वतःकडे ठेव.

टोपणनाव खुशाल घे. त्यात पळपुटेपणा नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा संग्रह आला तेव्हा त्यावर नाव होतं विभावरी शिरूरकर. सुशिक्षित अविवाहित मुलींच्या मनातलं, देहातलंसुद्धा, कुणीतरी उघड लिहिलं म्हणून महाराष्ट्रात गदारोळ उठला. ही बाई कोण, की बाईच नाही, यावर तर्क लढवले गेले. त्या मालती बेडेकर होत्या. नावाआड राहून त्यांनी गदारोळाला पुस्तकाशी भांडायला लावलं, घराशी नाही. टोपणनावानं लिहिलेल्या पुस्तकाचाही कॉपीराइट लेखकाचाच असतो. फक्त प्रकाशकाशी करार खऱ्या नावानं कर आणि तुझं नाव उघड करायचं की नाही हे तू ठरवशील, असं त्यात घाल. आणि टोपणनाव असं घे की पुढे दहा वर्षांनी आपलं म्हणायला लाज वाटणार नाही. तुझ्या यादीतलं 'निशिगंधा तिमिर' मला झेपलं नाही.

राहिली आई. पत्राच्या शेवटी तू हे दोन ओळींत उरकलंस, पण पत्र बहुतेक त्यासाठीच लिहिलं होतंस.

पुस्तक छापणं आणि घरी स्वतःबद्दल सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकाच दिवशी करायची नसतात. गौरावर लिहिलंस म्हणून तू कुणाला काही कबूल केलं असं होत नाही. जादूगारावर लिहिणाऱ्याला कुणी जादू येते का विचारत नाही. कुणी खोचकपणे विचारलंच तर "गोष्ट आहे" एवढं उत्तर पुरे. पुस्तकाच्या आडून आईला कळावं, म्हणजे आपल्याला तोंडानं सांगावं लागणार नाही, असा एक मोह होतो. तो टाळ. तिनं ते शेजारणीकडून किंवा फेसबुकवरून कळून घेणं तुमच्या दोघींसाठी वाईट.

घरी कधी सांगायचं, सांगायचंच का, हे तुझ्या हातात आहे, आणि माझ्याकडे त्याची तारीख नाही. मात्र त्याआधी तीन गोष्टी बघून ठेव. पगार तुझ्या एकटीच्या खात्यात जमा होतो ना? घरात दोन-चार दिवस राहणं अवघड झालं तर जायला एक घर आहे का? आणि हे माहीत असलेलं निदान एक माणूस तुझ्या बाजूला आहे का? तिसऱ्यापासून सुरुवात कर. गौराला मार म्हणणारी मैत्रीण कदाचित ते माणूस असेल, कदाचित नसेल. तुला जास्त माहीत. पुढे कधी घरातून "डॉक्टरला दाखवू, बरं होईल" असं निघालं तर हे पाठ असू दे: हा आजार नाही हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच सांगितलं आहे, आणि असले 'उपचार' करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये कळवलं आहे. स्थळांचा विषय निघाला तर तू आत्ता फक्त "मला लग्न नको" म्हण. तेवढं खरं आहे, आणि त्यासाठी बाकीचं सांगावं लागत नाही.

एक करता येईल. आई किल्ल्याच्या पुस्तकाबद्दल रोज विचारते म्हणजे तिला त्यात रस आहे. तिला पहिलं प्रकरण वाचून दाखव, दोन म्हाताऱ्यांचं. काही समजावू नकोस, तिच्या तोंडाकडे टक लावून बघूही नकोस. त्या दोघींबद्दल ती काय बोलते तेवढं ऐकून ठेव. "बरं केलं बायांनी" म्हणाली तर एक, गप्प झाली तर एक, "यांचे नवरे कुठं गेले?" म्हणाली तर एक. यातलं काहीही झालं तरी त्या रात्री पुढे जाऊ नकोस, दुसऱ्या प्रकरणाकडे वळ.

आणि त्या दुसऱ्या प्रकरणातला विहिरीच्या घराण्याचा इतिहास तेवढा काढून टाक. केतकीच्या पणजोबांचे सात भाऊ मला आता नावानिशी पाठ झालेत, पण त्यांतला एकही पुढे उपयोगाला येत नाही. म्हातारीचं भूत मात्र राहू दे.